एक बादली कढत पाणी

“आत्या, हा गीझर बाथरूममधून काढून टाक.”

“काढते की. मग अंघोळीला पाणी कुठून आणू? तुझ्या बोरिवलीहून?”

किंक्रांतीचा दिवस होता. आदल्या रात्री मी मुलुंडला आत्याकडे मुक्कामाला आले होते. सकाळी अंघोळीला गेले आणि दार लावायच्या आधीच पाय थबकले. चार बाय सहाचं बाथरूम. नळाच्या वर भिंतीला गॅसचा गीझर. स्वयंपाकघरातल्या पाइप्ड गॅसवरून एका ओळखीच्या प्लंबरने ओढून दिलेली नळी. धूर बाहेर नेणारा पाइप नाहीच. वरच्या बाजूला काचेच्या झडपांची खिडकी, पण तिच्यावर जाड प्लास्टिक ताणून चारी कडांना खाकी चिकटपट्टी मारलेली. कबुतरं आत येतात म्हणून. पट्टी इतकी निगुतीने बसवलेली, की बोटाने चाचपून पाहिलं तरी कुठे फट लागेना.

मी तशीच बाहेर आले. इमारतींच्या ऊर्जेचा हिशोब मांडणं हे माझं काम आहे: वीज कुठे किती जाते, गॅस किती जळतो, त्यातलं किती वाचवता येईल. आत्या पंच्याहत्तरीची, माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. तिला नुसतं ‘धोका आहे’ म्हणून भागत नाही, का आहे ते सांगावं लागतं.

“गॅस सुटला तर वास येतो गं,” ती म्हणाली. “माझं नाक अजून शाबूत आहे.”

“तो वास गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. गॅस जळला की वासही जळून जातो. कोंडलेल्या जागेत ज्योतीला हवा कमी पडली की जळणं अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. माणसाला आधी गरगरतं. वाटतं, गरम पाण्याने अंग सैल पडलंय. मग पायातलं त्राण जातं आणि कडी काढायला हातसुद्धा उठत नाही.”

ती काही बोलली नाही. मी पुढे सांगितलं. २०२० च्या जानेवारीत आमच्या बोरिवलीत एक शाळकरी मुलगी बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली आणि पुढे दगावली. २०२३ च्या धुळवडीला घाटकोपरला एक जोडपं घरातल्या बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हा पोलिसांचा पहिला संशय गॅस गीझरवरच होता.

“घाटकोपरचं वाचलं होतं,” आत्या हळू आवाजात म्हणाली. मग तिने चहाचं आधण ठेवलं आणि तिची बाजू मांडायला सुरुवात केली. ती मी इथे जमेल तितकी तिच्याच शब्दांत देते, कारण तिच्या बोलण्याला उत्तर सापडायला मला वेळ लागला.

“तू गॅसला नावं ठेवतेस, कारण तुला घासलेट माहीत नाही. आम्ही भटवाडीच्या चाळीत राहायचो. दहा बाय बाराची खोली, सात माणसं. मोरी खोलीतच, मोरीच्या कट्ट्यावर घंगाळ. पाणी तापवायला तांब्याचा बंब होता, पण तो पेटवायचा गॅलरीत, आणि लाकूड, करवंट्या, वखारीतला भुसा, जे मिळेल ते त्यात घालायचं. धूर सगळ्या मजल्याला. शेजारीण खोकायला लागली की आई बंबाचं झाकण अर्धं लावायची, की आणखी धूर. स्टोव्हवर पाणी तापायचं ते फक्त आजोबांना आणि कुणाला ताप असेल त्याला. बाकीच्यांना गार. दिवाळीत पहिल्या अंघोळीला तेवढं सगळ्यांना कढत पाणी, विसण घालून.”

“स्टोव्हवर का नाही तापवायचात?”

“घासलेट कुठे होतं? रेशनचं रॉकेल महिन्यातून एकदा यायचं. कधी येणार ते दुकानदारालाही माहीत नसे. मी शाळेतून आले की दप्तर टाकून डबा घेऊन रांगेत. दुकानाच्या ओट्यापासून कोपऱ्यापर्यंत डब्यांची रांग, माणसं सावलीत. डब्याचा नंबर गेला की भांडण. घरी आणायचं ते सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. तळहाताला वास लागायचा तो साबणाने जात नसे, जेवतानाही यायचा. गंमत बघ, चाळीच्या मागच्या टेकडीवर चढलं की चेंबूरच्या बाजूला रिफायनरीची आग रात्री आकाशात दिसायची. आई म्हणायची, एवढं तेल तिथे जळतंय आणि आपल्याला पाच लिटर मिळत नाही.”

आत्या सांगते ती आग माहुलची. १९५४-५५ मध्ये तिथे दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, त्या सत्तरच्या दशकात सरकारच्या झाल्या, आणि पूर्व उपनगरांतल्या किती पिढ्यांनी ती ज्योत पाहिली असेल याची गणती नाही. तानसाच्या जलवाहिनीलगतची घरं पाडली तेव्हा तिथल्या माणसांना पुनर्वसन म्हणून याच माहुलला पाठवलं आणि तिथल्या हवेत राहता येत नाही म्हणून ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पाण्याच्या पाइपापासून उठवून तेलाच्या टाक्यांशेजारी ठेवलेली ही माणसं माझ्या मनातून जात नाहीत.

“आणि स्टोव्ह म्हणजे काय ते ऐक,” आत्या पुढे म्हणाली. “पितळेची टाकी. बर्नरच्या वाटीत स्पिरिटचा काकडा पेटवून ठेवायचा, बर्नर लाल झाला की पंप मारायचा. भर्र आवाज सुरू झाला की निळी ज्योत. भोक तुंबलं की पिन. पिन मारताना चेहरा बाजूला घ्यायचा, नाहीतर भडका. आमच्या मजल्यावरची एक सून भाजून गेली. पेपरात आलं, स्टोव्हचा भडका. आम्हा बायकांना ठाऊक होतं की त्या दिवशी तिच्या घरात स्टोव्ह पेटलेलाच नव्हता. चाळीत पोलिसांसमोर कुणी बोललं नाही. मी तेव्हा बी.एड. करत होते. मीही बोलले नाही.”

१९८३ साली विवाहितेच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब. घराघरात रॉकेलचा डबा हाताशी असणं आणि त्या काळातल्या पेपरांतलं ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द, यांचा संबंध मी आजवर माझ्या कुठल्याही अहवालात मांडलेला नाही. इंधन बदललं म्हणजे फक्त धूर कमी झाला, एवढंच आम्ही लिहितो.

“मग गॅस आला,” आत्या म्हणाली. “आधी सिलिंडर, नंतर हा पाइपचा. महिन्याला बिल येतं, रांग नाही, पिन नाही, आणि नळ सोडला की कढत पाणी. माझ्या आईला हे बघायला मिळालं नाही. आणि तू येऊन म्हणतेस काढ. मग लावू काय? विजेचा? ती कुठून येते, हे तुझ्या अहवालात असतं ना?”

असतं. माझ्या बोरिवलीच्या घरात येणाऱ्या विजेत डहाणूच्या औष्णिक केंद्राचा मोठा वाटा आहे. ते ५०० मेगावॉटचं, कोळशावरचं. आजूबाजूला चिकूच्या बागा, आणि तो सगळा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला. आत्याच्या मुलुंडला महावितरणची वीज, म्हणजे मुख्यतः विदर्भातल्या कोळशाची, चंद्रपूर-कोराडीकडची. कोळशातली जेमतेम एक-तृतीयांश उष्णता वीज होऊन तारेत जाते. उरलेली धुराड्यातून आणि थंड करायच्या पाण्यातून वाया. त्या विजेने आपण परत पाणीच तापवतो. उष्णतेची वीज करून विजेची पुन्हा उष्णता करणं हा मोठा फटका आहे.

“आणि धरणाची म्हणशील तर मुळशी आठव,” आत्या म्हणाली. “आमच्या आजोळी सेनापती बापटांचा फोटो होता भिंतीवर.”

तेही खरंच आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथे जलविद्युत केंद्रं उभारली. भिऱ्यासाठी मुळशीला धरण झालं. तिथल्या मावळ्यांनी १९२१ मध्ये बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, गावं तरी बुडालीच. घाटाच्या पूर्वेला पडणारं पाणी बोगद्यातून कोकणात उतरवून १९२७ पासून तिथे वीज निघते. धूर अजिबात नाही. ज्यांची शेतं त्या पाण्याखाली गेली त्यांच्या नातवंडांना ती वीज स्वच्छ आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

मी कालनिर्णयचं डिसेंबरचं पान उलटं केलं. आत्या त्याच्या पाठीवर दुधाचा हिशोब लिहिते. उरलेल्या जागेत आम्ही दोघींनी मिळून एका बादलीचा हिशोब मांडला.

पंधरा लिटरची बादली. जानेवारीत टाकीतलं पाणी साधारण २४ अंशांवर असतं, अंगावर घ्यायला ४४ पुरे. वीस अंश वाढवायला लागणारी उष्णता वीजमापात सुमारे ०.३५ युनिट. टाकीतला, नळीतला व्यय धरून विजेच्या गीझरला ०.४ युनिट. भारतात सरासरी एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे बादलीमागे २८० ग्रॅम. तेच पाणी रॉकेलच्या स्टोव्हवर तापवलं तर साधारण ८० मिलिलिटर रॉकेल, म्हणजे २०० ग्रॅम. पाइप्ड गॅसवर ८० ग्रॅमच्या आसपास.

आत्याने चष्मा वर केला. “म्हणजे विजेचा गीझर माझ्या आईच्या स्टोव्हपेक्षा वाईट?”

“हवेत जाणाऱ्या कार्बनपुरतं बोलायचं, तर हो. घरात मात्र काजळी नाही, भडका नाही.”

“आणि गॅस सगळ्यांत बरा. मी काय म्हणत होते?”

मी मान्य केलं. मान्य करणं भागच होतं. शहरभर सोसायट्यांना ‘सगळं विजेवर न्या’ असा सल्ला देताना आम्ही हा आकडा पटकन पुढे करत नाही, आणि ते बरोबर नाही. विजेची साधी कॉइल लावून पाणी तापवणं हा उपाय म्हणून मला आजही पटत नाही. विजेच्या जाळ्यात सौर आणि पवन वीज वाढेल तसा तो आकडा उतरेल, गॅसचा मात्र आहे तिथेच राहील. शिवाय विहिरीपासून शेगडीपर्यंत येताना जो थोडा गॅस निसटतो तो मिथेन आहे, आणि हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडला कितीतरी मागे टाकतो. पण आत्या आज विचारतेय, वीस वर्षांनंतरचं नाही.

“तिसरा पर्याय आहे,” मी म्हटलं, आणि आतेभावाला व्हिडिओ कॉल लावला. तो मॅसॅच्युसेट्सला असतो. त्याच्याकडे रात्र होती, बाहेर उणे बारा. घर घेतलं तेव्हा त्याच्या तळघरात तेलाची टाकी होती, २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरहून थोडी जास्त. अमेरिकेच्या ईशान्येकडे लक्षावधी घरं आजही अशीच तेलावर तापतात. टँकर येतो, माणूस बर्फातून नळी ओढत आणतो, टाकी भरताना शिट्टी वाजत राहते आणि शिट्टी थांबली की टाकी भरली. एका हिवाळ्याला अशा दोन-तीन टाक्या.

“तुझ्या गोष्टीतलं घासलेट गं आई, फक्त आमच्याकडे घरपोच यायचं,” तो म्हणाला. दोन वर्षांपूर्वी त्याने टाकी काढून हीट पंप बसवला. फोन फिरवून त्याने घराबाहेरचं यंत्र दाखवलं. त्याच्यावर बर्फ होता आणि पंखा फिरत होता.

“हा बर्फातून उष्णता काढतो?” आत्याने विचारलं.

“हवेतून. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना? हा बाहेरची उष्णता गोळा करून आत टाकतो. वीज फक्त ती उष्णता ओढून आणायला लागते, तयार करायला नाही.”

आत्याने फोन माझ्या हातात दिला आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, “उणे बारात जर हवेत उष्णता सापडते, तर मुलुंडला तर नुसती तीच आहे.”

नेमकं हेच. सांताक्रूझच्या वेधशाळेतलं आजवरचं सर्वांत कमी तापमान १९६२ च्या जानेवारीतलं ७.४ अंश. एरवी आपली थंडी म्हणजे पहाटेचे चौदा-पंधरा. अशा उबदार, दमट हवेत पाणी तापवणारा हीट पंप एका युनिटमागे तीन ते चार युनिटांची उष्णता देतो. बादलीला ०.१२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर सव्वा रुपया. कॉइलच्या गीझरला चार. गॅसला, घनमीटरमागे पन्नास रुपये धरले तर, दोन-सव्वादोन. कार्बन साधारण गॅसइतकाच, पण बाथरूममध्ये ज्योत नाही. हॉटेलं आणि इस्पितळं ही यंत्रं वापरतात, घरांत मात्र अजून क्वचित दिसतात. किंमत हा त्यातला मोठा अडसर आहे आणि तो खरा आहे.

“मग गच्चीवरचा सोलर का नाही? त्याला तर वीजही नको.”

मला तिच्या तोंडून हे ऐकायचं होतं, तरी उत्तर सोपं नव्हतं. मुंबईला कढत पाणी लागतं ते डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि तेव्हाच आकाश निरभ्र असतं. तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी मऊ, त्यामुळे नळ्यांत क्षार फारसे बसत नाहीत. टँकरचं किंवा बोअरचं असेल तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यात पर्यायी सोय लागेल. पण आत्याच्या सात मजली इमारतीत अठ्ठावीस घरं आहेत. प्रत्येकी शंभर लिटर धरलं तरी छपन्न चौरस मीटरच्या आसपास संग्राहक लागतील. गच्चीवर टाक्या आहेत, लिफ्टची खोली आहे, वाळवणं आहेत. शिवाय पहिल्या मजल्यावर गरम पाणी पोचेपर्यंत नळातून दोन बादल्या गार पाणी जाणार, पाणी सतत फिरतं ठेवणारी पाइपलाइन केली नाही तर.

त्यात २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. सोसायटीच्या सामाईक विजेसाठी गच्चीवर सौर पॅनेल लावले तर किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. एकाच गच्चीवर दोन दावेदार झाले. मी सोसायट्यांना आता पॅनेल आणि हीट पंप ही जोडी सुचवते. पॅनेल उन्हातला पाचवा हिस्सा वीज करतं, हीट पंप त्याचे तीन-चार पट करतो, म्हणजे उन्हाचा उपयोग पाणी तापवणाऱ्या संग्राहकाइतकाच होतो. उन्हाळ्यात पाणी कुणी तापवत नाही, तेव्हा तीच वीज लिफ्टला आणि पंपाला कामी येते. हे गणित आत्याला लगेच पटलं. तिने स्वतः गुणाकार करून पाहिला.

“पण सोसायटी करणार नाही,” ती म्हणाली. “आमची इमारत पुनर्विकासाला जायची आहे. दहा वर्षं जायचीच आहे. गळकी पाइपलाइन बदलायला पैसे काढत नाहीत, म्हणतात नव्या इमारतीत सगळं नवंच मिळेल.”

मुलुंडपासून अंधेरीपर्यंत हेच उत्तर मी ऐकते. बिल्डर येईल या भरवशावर माणसं आज धोक्यात राहतात.

तेवढ्यात बेल वाजली. आत्याकडे काम करणाऱ्या मावशी आल्या. मुलुंड कॉलनीच्या पुढे डोंगराच्या कडेला त्यांची वस्ती आहे. आमचं बोलणं कशावर चाललंय ते आत्याने सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, “आमच्याकडे सकाळी चूल बाहेरच पेटवतो. रॉकेल आता रेशनवर येत नाही. गॅस आहे, पण सिलिंडर स्वयंपाकालाच पुरवायचा. पाण्याला फळ्या जाळतो, खोकी जाळतो. बिल्डिंगचं काम चालतं तिथून पोरं रंग लावलेलं लाकूड आणतात. त्याचा धूर डोळ्याला झोंबतो.”

आत्या माझ्याकडे पाहत राहिली. “ह्यांच्यासाठी काय आहे तुझ्या पानावर?”

काही नव्हतं. ज्यांना गच्ची नाही, स्वतःचं मीटर नाही, त्यांना आमच्या हिशोबात रकानाच नसतो. सार्वजनिक स्नानगृहाच्या छपरावर सौर पाणी-तापक बसवणं शक्य आहे, त्याला जागाही फार लागत नाही, आणि एका वस्तीतल्या रोजच्या पन्नास-साठ चुली त्याने विझतील. हे मी मावशींना सांगितलं. त्यांनी विचारलं, त्याची देखभाल कोण करणार, कारण त्यांच्या संडासाचा दिवासुद्धा तीन महिने बंद आहे. मी कॅलेंडरच्या पाठीवर तो प्रश्न लिहून घेतला.

दुपारी जेवणं झाल्यावर आत्या म्हणाली, “हीट पंपाचं बघू. मुलगा आला की बोलते. तोवर गीझर बाल्कनीत बसवून घेते, धूर बाहेर जाईल असा पाइप लावून. अधिकृत माणसाला बोलावून, त्या ओळखीच्याला नाही. तोपर्यंत तपेल्यात पाणी तापवीन शेगडीवर. चालेल?”

“चालेल. पण उचलून न्यायचं नाही. मग्ग्याने काढायचं.”

“पंच्याहत्तर वर्षं कढत पाणी हाताळतेय मी.”

मग ती उठली, शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि बाथरूमकडे निघाली. मी तिला स्टुलावर चढू दिलं नाही, स्वतः चढले. चिकटपट्टी दोन थरांची होती. कात्रीच्या टोकाने एक कोपरा सुटला तेव्हा प्लास्टिक आपोआप आतल्या बाजूला फुगलं. बाहेरून वारा आला, गाडीचा भोंगा ऐकू आला, झडपेवर बसलेलं कबुतर फडफडून उडालं.

“सगळं काढ,” आत्या खालून म्हणाली. तिने स्टूल दोन्ही हातांनी धरलं होतं. “आणि जाळी केवढी लागेल, ते माप घे.”